चादरीचा नमुना आणि प्रोग्रॅमची चाचणी

भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्ड यंत्रणेवर उमटते. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्ड याने सिद्ध केलेल्या या यंत्रणेत ताण्याचा कोणता धागा उचलायचा हे पुठ्ठ्याच्या कार्डांवरील भोकांवरून ठरत असे, आणि एखादे भोक चुकीच्या जागी पडले तर विणकर कितीही कसबी असला तरी ती चूक नक्षीच्या प्रत्येक आवर्तनात पुन्हा उमटे. संगणकाचा प्रोग्रॅमही चुकीची सूचना तितक्याच इमानाने पुनःपुन्हा पाळतो. म्हणून, १९८३ पासून चालणाऱ्या वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीसारख्या सोलापुरातील संस्थांत शिकून सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी पुण्याची वाट धरणाऱ्या तरुणांना टेस्टिंग फ्रेमवर्क आणि बिल्ड टूल या दोन साधनांची ओळख पहिल्या वर्षीच व्हायला हवी.

लिहिलेला सोर्स कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात आणणे, म्हणजे कंपाईल करणे, इतरांनी लिहून ठेवलेल्या लायब्ऱ्या जमवणे आणि तयार प्रोग्रॅमची एक फाईल बांधणे, ही कामे ठरल्या क्रमाने करणाऱ्या प्रोग्रॅमला बिल्ड टूल म्हणतात. दुरुस्त केलेली फाईल पुन्हा कंपाईल करायची राहून गेल्याने एका सहकाऱ्याची सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधण्यात वाया गेली, हे पाहून बेल लॅब्जमधील स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये ‘मेक’ हे साधन लिहिले. जावा भाषेसाठी पुढे ॲन्ट, मेव्हन आणि ग्रेडल आली. त्यांपैकी मेव्हनमध्ये फोल्डरांची मांडणी आधीच ठरलेली असल्याने, नवशिक्याने सुरुवात त्यानेच करावी हे बरे.

टेस्टिंग फ्रेमवर्क म्हणजे प्रोग्रॅमच्या छोट्या छोट्या भागांना ठराविक माहिती देऊन आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहणारी व्यवस्था होय. जावातील जेयुनिट हे फ्रेमवर्क केंट बेक आणि एरिक गामा यांनी १९९७ मध्ये झ्युरिकहून अटलांटाला जाताना विमानातच लिहायला घेतले. समजा, यंत्रमाग कारखान्यासाठी मजुरी काढणारा प्रोग्रॅम लिहायचा आहे. नगामागे ४० रुपये दर धरला तर १२ चादरींचे ४८० रुपये झाले पाहिजेत, ही पहिली चाचणी सर्वांनाच सुचते. पण एकही नग न विणलेल्या दिवशी उत्तर शून्य येते का आणि चुकून उणे आकडा भरला गेल्यास प्रोग्रॅम तो नाकारतो का, या चाचण्या सहसा सुचत नाहीत, आणि नेमक्या त्याच उपयोगी पडतात.

प्रत्यक्षात नवशिक्याची गाडी अडते ती चाचणी लिहिताना नव्हे, तर मांडणी करताना. मूळ कोड ‘मेन’ फोल्डरात आणि चाचण्या ‘टेस्ट’ फोल्डरात ठेवून, जेयुनिटची नेमकी आवृत्ती ‘पॉम’ नावाच्या फाईलमध्ये नोंदवावी लागते. पहिल्या वेळी मेव्हन लागणाऱ्या लायब्ऱ्या इंटरनेटवरून उतरवून संगणकावर साठवतो, त्यामुळे त्या वेळी जोडणी नसेल तर काम तिथेच थांबते. ‘आमच्या लॅपटॉपवर तर चालत होते’ ही प्रोजेक्टच्या परीक्षेत हमखास ऐकू येणारी सबब बरीचशी या नोंदी नीट न केल्यामुळेच उद्भवते.

याहून फसवा प्रकार नावांचा आहे. ज्या क्लासच्या नावाच्या सुरुवातीला किंवा शेवटी ‘टेस्ट’ हा शब्द येतो, त्यांनाच मेव्हन सर्वसाधारणपणे चाचण्या समजतो. दुसरे नाव दिल्यास तो एकही चाचणी न चालवता बिल्ड यशस्वी झाल्याचे बिनदिक्कत कळवतो. तेव्हा नवशिक्याने यशाच्या संदेशावर न विसंबता किती चाचण्या चालल्या तो आकडा वाचावा, आणि ४८० च्या जागी मुद्दाम ४८१ लिहून बिल्ड खरोखर अडते की नाही हे एकदा पाहून घ्यावे.