सुरतेने नाव कसे परत मिळविले

शहराचे बाहेर जे नाव असते ते घडविणे हे प्रसिद्धी विभागाचे काम, अशी समजूत नगर प्रशासनात बरीच रूढ आहे. वेशीवर कमान, चौकात कारंजे आणि पाहुण्यांच्या हाती द्यावयाची गुळगुळीत कागदाची पुस्तिका. यात वावगे काही नाही; परंतु एका महामारीने ज्याचे नाव धुळीस मिळविले आणि ज्याने ते परत मिळविले, त्या सुरत शहराचा अनुभव वेगळे सांगतो.

सप्टेंबर १९९४ मध्ये तापीचे पाणी सखल वस्त्यांत शिरून ओसरले. मागे चिखल, कुजलेला कचरा आणि मेलेली जनावरे राहिली. आपल्या बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीचा प्लेग आढळल्याचे वृत्त त्यापूर्वीच आले होते. सुरतेत फुफ्फुसाच्या प्लेगाची बातमी फुटताच काही दिवसांत लाखो लोकांनी शहर सोडले. कापडाच्या मागांवर आणि हिऱ्यांच्या घंट्यांवर राबणारे खानदेशी, ओडिया, सौराष्ट्री कामगार मिळेल त्या गाडीने गावाकडे निघाले. मृत्यू पन्नासच्या आसपास. पण भीती इतकी पसरली की काही देशांनी भारताशी असलेली विमानवाहतूकच थांबविली. हिरे आणि जरीसाठी प्रसिद्ध असलेले शहर घाणीचे उदाहरण म्हणून ओळखले जाऊ लागले.

मे १९९५ मध्ये एस. आर. राव महानगरपालिकेचे आयुक्त झाले. शहराचे सहा विभाग पाडून प्रत्येक विभागप्रमुखास निर्णयाचे आणि खर्चाचे अधिकार देण्यात आले. याहून महत्त्वाचा दंडक असा, की वरिष्ठ अधिकाऱ्यांनी रोज सकाळी प्रत्यक्ष रस्त्यावर हजर राहावे आणि दुपारी त्या दिवशी पाहिलेल्या गोष्टींचा आढावा एकत्र बसून घ्यावा. गटार तुंबले आहे हे कागदावरून समजणे आणि नाकाने समजणे यांत अंतर असते! मुख्य रस्त्यांची सफाई रात्री होऊ लागली, कचरा टाकणाऱ्यास दंड बसू लागला, झोपडपट्ट्यांत नळ, फरसबंदी व शौचालये आली. पूर्वी जेमतेम निम्मा कचरा उचलला जाई. आता नव्वद टक्क्यांहून अधिक उचलला जाऊ लागला.

मात्र लोकांचे मत पालटले ते बहुधा अतिक्रमणे हटविण्याच्या मोहिमेने. हातोडा बड्यांच्या अनधिकृत बांधकामांवरही पडला. कायदा वजनदारासही लागू होतो, हे दिसल्यावर सामान्य नागरिकही दंड भरावयास तयार झाला. येथे गोरगरिबांचीही घरे गेली व त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न राहिला, हे नमूद करणे अवश्य आहे. तेवढा भाग अनुकरणीय मानता येणार नाही.

प्लेगनंतर दोनच वर्षांनी, १९९६ मध्ये, इन्टॅक या संस्थेच्या पाहणीत सुरत देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरले, पहिले चंदीगड. चंदीगड नवे, आखून वसविलेले. सुरत मात्र शतकानुशतकांचे, अरुंद गल्ल्यांचे आणि गिरणीच्या धुराचे, म्हणून त्याच्या क्रमांकाचे मोल अधिक.

राव १९९७ मध्ये बदलून गेले. कर्तबगार अधिकाऱ्याच्या बदलीनंतर घडी विस्कटते, हा आपल्याकडील नेहमीचा अनुभव. सुरतेत विभागवार अधिकार आणि रोजच्या पाहणीची सवय बऱ्याच अंशी टिकली. तरीही नाव एकदा मिळाले की कायमचे राहत नाही. केंद्र शासनाच्या स्वच्छ सर्वेक्षणात २०१९ साली सुरत चौदाव्या स्थानी होते. २०२० मध्ये ते दुसरे आले आणि २०२३ च्या सर्वेक्षणात इंदूरसह पहिले. ज्या वस्त्यांतून १९९४ साली कामगार बोचकी उचलून पळाले, तेथे खानदेशातून आजही माणसे कामासाठी येतात आणि मुलाबाळांसह राहतात.