वायफाय स्कॅनर पासवर्ड चोरत नाही

विज्ञान प्रदर्शनात एखाद्या मुलीने ईएसपी८२६६ या वायफाय चिपच्या बोर्डाला पाऊण-एक इंचाचा ओलेड डिस्प्ले जोडून आसपासच्या वायफायची यादी दाखवली, की कोणीतरी म्हणतंच, "म्हणजे हे हॅकिंगच झालं!" कधी पालक म्हणतात, कधी चक्क परीक्षक. हौसेने शिकणाऱ्या मुलांवर हा आरोप वारंवार होतो, म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ.

गैरसमज : स्कॅनर लोकांचे पासवर्ड पकडतो.

वस्तुस्थिती : साफ चूक. प्रत्येक राउटर 'बीकन' नावाचा छोटा संदेश आपणहून हवेत सोडत असतो. साधारणपणे दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा वेळा. त्यात नेटवर्कचं नाव, राउटरचा मॅक पत्ता, चॅनल आणि सुरक्षेचा प्रकार असतो. पासवर्ड नसतो. विश्वास बसत नसेल, तर आयईईई ८०२.११ या मानकात बीकनचा आराखडा दिलेला आहे, तो पाहा. डब्ल्यूपीए२ या सुरक्षा पद्धतीत तर फोन जोडतानाही पासवर्ड जसाच्या तसा हवेतून जात नाही. दोन्ही बाजू यादृच्छिक आकड्यांवर गणित करून तो आपल्याला ठाऊक असल्याचं सिद्ध करतात.

स्कॅनर फक्त बीकन ऐकतो, किंवा 'कोण कोण आहे?' असं विचारून आलेली उत्तरं टिपतो. तुमचा फोन वायफायची यादी दाखवताना हेच करतो. दुकानावरची पाटी वाचली म्हणून कोणी गल्ला फोडला असं आपण म्हणतो का?

याच चिपवर दुसरा प्रोग्राम चढवून इतरांचं वायफाय तोडता येतं, हे खरं. पण तो प्रोग्राम वेगळा आणि ते कृत्यही वेगळं. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ची कलमं ४३ आणि ६६ अशा कृत्यांसाठी आहेत. यादी वाचणाऱ्या मुलीला त्या रांगेत उभं करणं अन्यायाचं आहे.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

- 'यादीत सिग्नलचा आकडा -८० म्हणजे -४० पेक्षा जोरदार.' उलट. शून्याच्या जवळचा आकडा जोरदार. या दोन सिग्नलांच्या शक्तीत दहा हजार पटींचा फरक आहे.
- 'सिग्नलवरून अंतर मीटरमध्ये कळतं.' मधली एक भिंत किंवा लोखंडी कपाट हा हिशेब बिघडवतं.
- 'नाव लपवलं की नेटवर्क सुरक्षित.' बीकन चालूच राहतो, फक्त नावाची जागा रिकामी असते.
- 'यादीत नाही म्हणजे राउटर बंद.' ईएसपी८२६६ फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकतो. ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्याला दिसणारच नाही.
- 'मराठी नावाच्या जागी भलतीच चिन्हं आली, वायरिंग चुकलं.' वायरिंग ठीक आहे. डिस्प्लेच्या नेहमीच्या फाँटमध्ये देवनागरी नसते.

खरी काळजीची गोष्ट याच पडद्यावर दिसते. आपल्या घरच्या नावापुढे 'ओपन' (पासवर्डच नाही) किंवा 'डब्ल्यूईपी' (जुनी, कमकुवत सुरक्षा) आलं, तर दोष स्कॅनरचा नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा आणि पासवर्ड लांबलचक ठेवा. ज्या मुलीने ही यादी दाखवली, तिने तुमच्या घराचं उघडं दार तुमच्या लक्षात आणून दिलं आहे. तिला पुढचं शिकवा.