भर दिवसा दिवा

परप्रांतात तीन-चार पिढ्या काढलेल्या आपल्या मराठी घरांत भिंतीवरच्या तसबिरी हा एक मोठाच ठेवा असतो. कागदपत्रे बदल्यांमध्ये गहाळ होतात, भांडीकुंडी वाटणीत जातात. पण पणजोबांची पगडीतली आणि आजीची नऊवारीतली तसबीर कोणी टाकत नाही. आमच्या इंदूरच्या घरातही अशी एक रांग आहे. तीत शेवटची तसबीर आमच्या मातोश्रींची. ती पाहिली की आजही मनाला चुटपुट लागते. कारण तीत मातोश्रींचे डोळेच नाहीत.

त्याचे असे झाले की, त्या गेल्या तेव्हा लावण्याजोगे छायाचित्र घरात एकही निघाले नाही. एका लग्नातल्या समूहचित्रातून त्यांचा चेहरा कापून मोठा करावा लागला. ते चित्र भर दुपारी मांडवाबाहेर घेतलेले. सूर्य माथ्यावर, त्यामुळे कपाळ आणि नाकाचा शेंडा पांढराफटक, आणि भुवयांखाली दोन काळे खळगे. फोटोवाल्याने कुंचल्याने बुबुळे काढून दिली. ती डोळ्यांसारखी दिसतात. आईच्या डोळ्यांसारखी दिसत नाहीत.

वाचकहो, अशी एखादी तसबीर आपल्याही घरी असेल. दोष छायाचित्रकाराला देववत नाही. ऊन आणि सावली यांतली तफावत आपली दृष्टी लीलया सांभाळते. कॅमेऱ्याला ती झेपत नाही. तोंड उन्हाकडे करून उभे करावे तर माणूस डोळे बारीक करतो, पाठ करून उभे करावे तर चेहरा काळवंडतो. थोर छायाचित्रकार लाला दीनदयाळ (१८४४–१९०५) यांनी कॅमेरा हाती घेतला तो आमच्या इंदुरातच, १८७४ च्या सुमारास, बांधकाम खात्यात नोकरीला असताना. त्या काळच्या काचांना उजेड फार लागे, माणसाला निश्चल बसवून ठेवावे लागे, आणि चेहऱ्यासाठी सौम्य, गाळीव उजेड शोधण्यावाचून गत्यंतर नसे. मॅग्नेशियमची भडका उडवणारी पूड जर्मनीत निघाली १८८७ साली. आणि विजेच्या फ्लॅशला छायाचित्रणात खरे स्थान मिळाले ते १९३० नंतर, अमेरिकेतील हॅरॉल्ड एजर्टन यांच्या प्रयोगांमुळे. आता तळहाताएवढा फ्लॅश कोणत्याही हौशी मुलाच्या पिशवीत असतो. आमच्या पुतण्याच्या होता.

गेल्या हिवाळ्यात तो आला तेव्हा आम्ही त्याला एकच काम सांगितले: आत्याचे छायाचित्र. आत्या आता नव्वदीच्या घरात आहेत. त्यांना गच्चीवर नेऊन बसवले, पुतण्याने स्टँडवर फ्लॅश चढवला, तेव्हा आत्यांनी विचारले, “अरे, भर दिवसा दिवा कशाला?”

प्रश्न रास्त होता. फ्लॅश अंधारासाठी, अशीच आमचीही समजूत होती. वस्तुतः चेहऱ्याला त्याची खरी गरज लागते ती उघड्यावर. मात्र तो कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसवलेला असला की समोरून सपाट मारा होतो. नाकाडोळ्यांचा उठाव जातो, चेहरा ताटलीसारखा दिसतो आणि चष्मा लखकन चमकतो. तोच फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर, एका बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीहून हातभर उंच ठेवला, तर गालावर हलकी सावली पडते, सुरकुत्यांना अर्थ येतो, आणि बुबुळांत उजेडाचा एक ठिपका उमटतो. त्या ठिपक्यावाचून डोळे जिवंत वाटत नाहीत. कॅमेऱ्यावरचा लहानसा रेडिओ-ट्रिगर दूरच्या फ्लॅशला इशारा देतो. मध्ये तार लागत नाही.

यातले खरे मर्म मराठीच्या शिक्षकाला कळायला थोडा वेळ लागला. एका चित्रात इथे दोन प्रकाश वेगवेगळे मोजायचे असतात. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या जेमतेम हजाराव्या भागापुरता असतो; शटर त्यानंतर कितीही वेळ उघडे राहो, फ्लॅशला त्याचे सोयरसुतक नाही. आकाश, झाडे, मागची घरे मात्र शटर उघडे आहे तोवर उजेड देतच असतात. म्हणजे शटर हा केवळ आकाशाचा नळ झाला. भिंगाचे छिद्र दोन्ही प्रकाशांना आवरते, आणि फ्लॅशची शक्ती व अंतर हे एकट्या चेहऱ्याचे. पुतण्याने १/२०० सेकंदाला एक चित्र घेतले, मग १/६० ला. दुसऱ्यात आकाश उजळले. आत्यांचा चेहरा जवळजवळ होता तसाच राहिला.

शटर वाटेल तितके जलद मात्र करता येत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत ते दोन पडद्यांचे असते. साधारण १/२०० किंवा १/२५० च्या पुढे गेले की पहिला पडदा पुरता सरण्याआधीच दुसरा मागून निघतो, आणि चित्रात काळा पट्टा येतो. काही फ्लॅश झपाट्याने अनेक स्पंदने देऊन ही अडचण टाळतात, पण त्यात त्यांचे बळ फार घटते.

आता अंतराचा हिशेब. अंतर दुप्पट केले की प्रकाश चौथाई होतो, हा नियम आम्ही शाळेतल्या विज्ञानाच्या शिक्षकांकडून नुसता ऐकला होता. तो गच्चीवर पाहिला. फ्लॅशचा गाइड नंबर म्हणजे छिद्राचा आकडा आणि मीटरमधले अंतर यांचा गुणाकार. आयएसओ १०० ला गाइड नंबर ४० असेल, तर दुपारच्या उन्हात लागणाऱ्या एफ-११ ला पूर्ण शक्तीचा फ्लॅश जेमतेम साडेतीन मीटर पुरतो. उजेड मऊ व्हावा म्हणून पांढरी छत्री लावली की ती तीन चतुर्थांश प्रकाश गिळते, आणि अंतर पावणेदोन मीटरवर येते. म्हणजे दुपारी फ्लॅशची सूर्याशी कुस्ती होते. सूर्यास्ताच्या वेळी एफ-४ पुरते, आणि तेच काम त्याच अंतरावर एक अष्टमांश शक्तीत होते. आम्ही म्हणूनच पाच वाजेपर्यंत थांबलो. सूर्य आत्यांच्या पाठीशी आला. पांढऱ्या केसांभोवती सोनेरी कड उमटली. फ्लॅशचा रंग दुपारच्या उन्हासारखा पांढरा असल्याने त्यावर नारिंगी पारदर्शक कागद लावावा लागला. नाहीतर संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात चेहरा निळसर, परका दिसतो.

वाऱ्याचे भान कोणालाच राहिले नव्हते. तिसऱ्या चित्राच्या वेळी छत्रीत वारा भरला आणि स्टँड कलंडला. पुतण्याने तो वरच्यावर झेलला म्हणून निभावले. मग खालून दळणाची गव्हाची पिशवी आणून स्टँडला टांगली. आत्यांच्या चष्म्यात छत्रीचे प्रतिबिंब दिसू लागले, तेव्हा फ्लॅश आणखी वर आणि बाजूला नेला. वृद्ध माणसे लखलखाटाला डोळे मिटतात, म्हणून एकावर न थांबता वीसेक चित्रे घेतली.

हा उपाय सर्वत्र चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. आमच्या शाळेच्या दहावीच्या समूहचित्रात चाळीस मुले तीन रांगांत असतात. एक लहान फ्लॅश जवळच्या मुलांना उजळतो आणि दूरच्यांना उपाशी ठेवतो. तिथे आम्ही आता सकाळी इमारतीच्या सावलीत मुले उभी करतो. सावळ्या मुलाचा चेहरा उन्हात काळा डाग होऊन त्याच्या आईला शोधावा लागू नये, एवढे तरी आमच्या हाती आहे.

छायाचित्र मोठे करून आणले, ते आत्यांनी खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिले. डोळे पाहिले, नाकातली चमकी पाहिली. मग चित्र आमच्या हाती देत म्हणाल्या, “चांगलं आलंय. पण त्या रांगेत एवढ्यात लावू नकोस हो. कपाटात ठेव.”

आम्ही ते कपाटात ठेवले आहे. गहू मात्र त्या दिवशी दळायचे राहूनच गेले.