पोर्टेबल हार्ड डिस्क घेताय? आधी हे पाच मुद्दे बघा



समजा, तुम्ही लग्नाचे फोटो काढता. कार्यालयातून घरी येताना बॅग गाडीवरून पडली आणि आतली हार्ड डिस्क बंद पडली. डिस्क दुसरी मिळेल, पण ते लग्न परत लागणार आहे का? तुमची बिलं, टॅलीचा डेटा, डिझाइन्स, ग्राहकांची यादी, सगळ्यांचं असंच आहे. म्हणून दुकानात गेल्यावर फक्त ‘किती टीबी, किती रुपये’ एवढंच विचारू नका.

१. एचडीडी की एसएसडी?
एचडीडीमध्ये तबकडी फिरते आणि तिच्या अगदी जवळून हेड डेटा वाचतं. चालू असताना धक्का बसला की हेड तबकडीला घासू शकतं, आणि डेटा जातो. एसएसडीत फिरणारा भागच नाही, सगळं चिपवर असतं. सरळ हिशोब: रोज बॅगेतून फिरणार असेल तर एसएसडी. कपाटात ठेवायची असेल तर एचडीडी. तेवढ्याच पैशात जागा जास्त मिळते.

२. मजबुती खोक्यावर वाचा
रबरी कव्हर दिसलं म्हणून भुलू नका. ‘आयपी ६७’ म्हणजे आत धूळ जात नाही आणि १ मीटर पाण्यात ३० मिनिटं टिकते. पण पडण्याचा याच्याशी संबंध नाही. किती उंचीवरून पडली तरी चालेल, ते वेगळं लिहिलेलं असतं.

३. जागा किती?
नुसती बिलं आणि हिशोब असतील तर १ टीबी खूप झाली. २५ एमबीचा एक फोटो धरला, तर १ टीबीत साधारण ४० हजार फोटो बसतात. फुकटच्या भावात १६ टीबी कुणी देत असेल तर लांबच राहा, खोट्या क्षमतेच्या डिस्क बाजारात खूप आहेत.

४. वॉरंटी कशाची?
डिस्कची! ती बदलून मिळते, आतला डेटा नाही.

५. एक कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे
बरेच जण इथेच चुकतात. फाइल डिस्कवर टाकली आणि कॉम्प्युटरमधून उडवली, तर कॉपी एकच राहिली ना? ३-२-१ लक्षात ठेवा: ३ कॉपी, २ वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या जागी, म्हणजे घरी किंवा क्लाउडवर. जीएसटीचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात; ते एका डिस्कच्या भरवशावर सोडू नका. आणि बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. रॅन्समवेअर आला तर जोडलेली डिस्कही लॉक करतो.

आजचं काम: तुमच्या बॅकअपमधली एखादी जुनी फाइल उघडून बघा. उघडली तर छान. नाही उघडली, तर आजच कळलं हे बरं झालं!