चापाला लागलेलं प्रथिन

मटण निबर निघालं की आमच्याकडे त्याला कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवतात. चिकातलं पपेन हे एन्झाइम प्रथिनांच्या साखळ्या तोडतं आणि मांस मऊ पडतं. एकदा पाहुण्यांची गाडी फार उशिरा आली, आणि रश्श्यात फोडी शोधायची वेळ आली. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. प्रथिनं तोडणारी अशीच एन्झाइमं आपल्या अंगातही आहेत आणि आपणही मांसाचेच. मग आपला लगदा का होत नाही?

पोटापुरतं उत्तर सोपं आहे. स्वादुपिंड ट्रिप्सिन तयार करतं ते निष्क्रिय रूपात, त्याची धार उघडते आतड्यात गेल्यावर. त्यातलं थोडं स्वादुपिंडातच जागं झालं, तर त्याला पकडायला ‘स्पिंक१’ हे ५६ अमिनो आम्लांचं चिमुकलं प्रथिन असतं. दक्षिण भारतात दिसणाऱ्या, स्वादुपिंडात खडे होण्याच्या आजाराच्या पुष्कळ रुग्णांत याच्या जनुकातला बदल हैदराबादच्या सीसीएमबीतल्या संशोधकांना सापडला.

खरी गंमत रक्तात आहे. जंतू आले की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी इलॅस्टेज सोडतात. हे एन्झाइम जंतूंबरोबर फुप्फुसाचा लवचीकपणा राखणारं इलॅस्टिनही कापत सुटतं. त्याला आवरतं ते यकृतात बनणारं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन. नावात ट्रिप्सिन असलं तरी याचं मुख्य गिऱ्हाईक इलॅस्टेज. बारसं जरा घाईतच झालं म्हणायचं. लिटरभर रक्तद्रवात ते साधारण ग्रॅम-दोन ग्रॅम असतं, म्हणजे चांगलंच मुबलक.

त्याचं महत्त्व कळलं ते त्याच्या गैरहजेरीमुळे. स्वीडनमधल्या माल्म शहरात कार्ल-बर्टिल लॉरेल रक्तद्रवाच्या कागदी पट्ट्या तपासत असत. विजेच्या प्रवाहाने प्रथिनं पट्टीवर वेगवेगळी होतात, मग रंग दिला की पट्टे उमटतात. सुमारे १५०० पट्ट्यांपैकी पाचांवर अल्फा-१चा पट्टा जवळजवळ नव्हताच. स्टेन एरिक्सन या तरुण डॉक्टरासोबत त्यांनी ती माणसं कोण ते पाहिलं, तर तिघांची फुप्फुसं पार निकामी होत आलेली. निबंध छापून आला १९६३मध्ये. रिकामी जागा दिसायलाही नजर लागते.

हे प्रथिन काम करतं उंदराच्या चापासारखं. त्याच्या अंगावर एक फास बाहेर ताणलेला असतो. इलॅस्टेज त्याला भक्ष्य समजून चावतं. तोडलेला फास सटकन प्रथिनाच्या पोटात शिरतो आणि चिकटलेल्या एन्झाइमला फरफटत दुसऱ्या टोकाला, सुमारे ७ नॅनोमीटरवर, नेऊन आपटतो. एन्झाइमचा आकारच मोडतो. चापही वाया जातो. एका एन्झाइमला एक चाप, हिशोब रोखीचा. मग यकृत दोघांनाही उचलून नेतं.

फासावरची कळीची जागा ३५८वी, तिथे मेथिओनिन असतं. विडी-सिगारेटच्या धुराने नेमकं तेच गंजतं आणि चाप इलॅस्टेजपुरता जवळपास निकामी होतो. पिट्सबर्गमधल्या एका मुलात या जागी आर्जिनिन आलं होतं. एवढ्या एका बदलाने चापाने इलॅस्टेज सोडून रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन पकडायला सुरुवात केली. जखम झाली की यकृत हे प्रथिन वाढवतं. म्हणजे मुलाला लागलं की रक्त थांबणं आणखीच अवघड. चौदाव्या वर्षी तो गेला. १९८३मध्ये त्या बदलाचा उलगडा झाला. मला या साऱ्या विषयात याहून अस्वस्थ करणारी गोष्ट ठाऊक नाही.

याच प्रथिनाच्या ‘झेड’ प्रकारच्या जन्मजात दोषात बिघाड ३४२व्या जागी असतो. इथे एका रेणूचा फास दुसऱ्याच्या पोटात अडकतो, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या, आणि अशा माळा यकृताच्या पेशींत साठत जातात. रक्तात चाप फारच थोडे पोचतात. फुप्फुस टंचाईने झिजतं आणि यकृत साठ्याने. १९८७पासून अमेरिकेत दात्यांच्या रक्तद्रवातून काढलेलं हे प्रथिन आठवड्याला शिरेतून देतात. चार-पाच दिवसांत त्यातलं निम्मं संपतं, म्हणून पुन्हा सुई. यकृतातल्या माळा मात्र तशाच राहतात. यकृतच बदललं, तर रक्तात दात्याच्या जातीचे चाप फिरू लागतात.