गोधडीची ऊब आणि गोधडीवरची फुले

हिवाळ्यात उष्णतेचे प्रकरण शिकवायला घेतले की मी वर्गात एक प्रश्न हमखास विचारतो. गोधडी गरम असते का? सगळा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणतो. मग मी सांगतो की रात्री निजण्यापूर्वी घडी घातलेल्या गोधडीत तापमापक ठेवा, अर्ध्या तासाने पाहा आणि उद्या मला आकडा सांगा. दुसऱ्या दिवशी जरा खट्टू चेहऱ्याने उत्तर येते, ‘सर, खोलीचे तापमान जेवढे, तेवढेच गोधडीचे!’ एकदा एका मुलीने त्यापुढचा प्रश्न विचारला, ‘मग सर, ऊब येते कुठून?’ या लेखात तिच्या प्रश्नाचे उत्तर देतो. तिला दिले त्यापेक्षा थोडे सविस्तर.

आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, जानेवारीच्या दुपारी अंगातला सदराही नकोसा होतो आणि पहाटे मात्र दात वाजतात. हवा कोरडी आणि आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता प्रारणाने भराभर सोडून देते. अशा पहाटे मराठवाड्यातल्या घरोघरी अंगावर असते ती जुन्या लुगड्यांची आणि धोतरांची गोधडी. कोठे तिला वाकळ म्हणतात. वर रंगीबेरंगी चिंध्यांचे तुकडे आणि हौस असेल तर कापडाची कातरलेली फुले.

उष्णता निर्माण करणारी वस्तू अंथरुणात एकच असते, ती म्हणजे आपण स्वतः. झोपलेल्या मोठ्या माणसाचे शरीर साधारण ७० ते ८० वॉट या दराने उष्णता बाहेर टाकीत असते. जुन्या पिवळ्या बल्बाएवढी म्हणा ना! त्वचेचे तापमान ३३ अंश सेल्सिअसच्या आसपास आणि खोली १३ अंशांवर. ही उष्णता खोलीत निघून जाण्याचा वेग कमी करणे, एवढेच गोधडीचे काम.

ती हे काम कशाने करते? कापसाने, असे तुम्ही म्हणाल. पण कापसाचा धागा हा काही फार चांगला उष्णतारोधक नाही. कापसाच्या भरीव तंतूपेक्षा स्थिर हवा कितीतरी पटींनी अधिक दुर्वाहक आहे. हवेची उष्णतावाहकता एक मीटर जाडीला, एक अंशाला सुमारे ०.०२६ वॉट. पाण्याची ०.६, म्हणजे हवेच्या वीस पटींहून जास्त. तांब्याची ४०० च्या आसपास. तेव्हा गोधडीतील खरा माल हवा आहे. कापड आहे ते ती हवा धरून ठेवण्यासाठी.

येथे एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, खोलीत हवाच हवा आहे, मग गोधडी कशाला? कारण खोलीतील हवा स्वस्थ बसत नाही. अंगाजवळची हवा तापते, हलकी होते, वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. हे अभिसरण तुम्हाला ठाऊकच आहे. पण हवेचा थर पातळ असेल तर काय होते, याचा विचार पुस्तकात सहसा नसतो. हवेलाही थोडा चिकटपणा असतो, म्हणजे तिच्या थरांत एकमेकांशी घर्षण होते. अरुंद जागेत हे घर्षण हवेला हलू देत नाही. खालून तापविलेल्या द्रवाच्या पातळ थरात प्रवाह कसे सुरू होतात याचे प्रयोग बेनार यांनी १९०० साली केले आणि त्याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१६ साली मांडले. ते गणित हवेला लावले तर असे दिसते की खालची व वरची बाजू यांत १० अंशांचा फरक असताना हवेचा थर साधारण एक सेंटिमीटरपेक्षा जाड झाला, की ती फिरू लागते. त्याहून पातळ थरात ती निमूट पडून राहते. आणि ही प्रवृत्ती जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलते. जाडी निम्मी केली तर ती एक अष्टमांश होते! गोधडीच्या दोन थरांमधील फट एक मिलिमीटरचीही नसते. तेथे हवेने फिरायचे म्हटले तरी फिरता येत नाही.

ही गोष्ट प्रयोगाने पहिल्यांदा नीट दाखविणाऱ्यांपैकी एक म्हणजे बेंजामिन टॉमसन, पुढचा काउंट रम्फर्ड. त्याने तापमापकाभोवती लोकर, कापूस, रेशीम, पक्ष्यांची पिसे असे निरनिराळे पदार्थ सारख्याच वजनाचे भरले आणि तापमापक थंड व्हायला किती वेळ लागतो ते मोजले. हे प्रयोग १७९२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आले. त्यात गंमत अशी दिसली की मोकळा पिंजलेला कापूस जितका वेळ ऊब धरतो, तितका वेळ त्याच वजनाचा सुताचा धागा धरत नाही. पदार्थ तोच, वजन तेच; पीळ दिल्यामुळे हवा गेली. आपल्याकडचा पिंजारी हेच उलट बाजूने करतो. दबून गठ्ठा झालेली दुलई तो उसवतो, आतला कापूस धनुकलीवर पिंजतो आणि पुन्हा भरतो. कापूस तोळाभरही वाढत नाही, वाढते ती हवा. पिंजणावळ आपण खरे म्हणजे हवेची देतो.

आता शिलाईकडे येऊ. गोधडीत थर एकमेकांवर ठेवून त्यांतून आरपार धावदोरा घालतात. काही जणी सरळ ओळी घालतात, काही जणी काठापासून सुरुवात करून चौकोनी फेरे घेत मध्यापर्यंत येतात. टाका जेथे पडतो तेथे थर चिमटले जातात आणि तेवढी हवा निघून जाते. म्हणजे प्रत्येक टाका ही उष्णतेला पळून जायला ठेवलेली एक लहानशी वाट आहे. मग टाके कमी घालावेत का? तसे केले तर पहिल्या धुण्यातच आतले जुने थर सरकतात, गोळा होतात, आणि मध्ये एकेरी कापड उरते. दाट घातले तर गोधडी टिकते, पण चपटी होते. दोन ओळींत बोटभर अंतर ठेवायचे, हे शिवणाऱ्या बायांना कोणी गणिताने शिकविलेले नाही. ऊब आणि टिकाऊपणा यांच्या ओढाताणीतून ते अंतर ठरले आहे.

याचा अनुभव आमच्याच घरी आला. आईचे डोळे अधू झाले म्हणून तिची जुनी लुगडी मी एका शिवणाऱ्याकडे देऊन मशीनवर गोधडी करून आणली. टीप सुबक होती आणि दिसायलाही छान होती. शंकरपाळ्यासारख्या ओळी, अगदी जवळजवळ! पण पहाटे थंडी वाजू लागली. मी, पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक, लुगडी फार विरली असतील असा तर्क करीत बसलो. आई म्हणाली, ‘अरे, एवढी दाटून शिवली की ती गोधडी राहत नाही, सतरंजी होते.’ तिने नातवाला हाताशी घेऊन एक सोडून एक ओळ उसवली. दोन दिवस उन्हात घातली, झटकली, आणि तीच गोधडी अंगावर घेण्याजोगी झाली.

यामागचा हिशेब सोपा आहे. समजा मोकळी गोधडी ५ मिलिमीटर जाड आहे आणि हवा धरल्यामुळे तिची वाहकता ०.०४ आहे. दाबून शिवलेली २ मिलिमीटर जाड आणि तिची वाहकता ०.०६ आहे. जाडीला वाहकतेने भागले की उष्णतारोध मिळतो. पहिलीचा ०.१२५, दुसरीचा ०.०३३. दोन्ही पृष्ठांत १० अंशांचा फरक ठेवला तर पहिलीतून दर चौरस मीटरला ८० वॉट जातील, दुसरीतून ३००. प्रत्यक्ष अंथरुणात हा फरक एवढा मोठा दिसत नाही, कारण गोधडीबाहेरच्या हवेलाही स्वतःचा रोध असतो आणि तो दोन्हींत सारखाच मिळतो. पण कापड तेवढेच असताना ऊब कशी बदलते, हे कळायला तो पुरेसा आहे. एका जाड गोधडीपेक्षा दोन पातळ गोधड्या बऱ्या, असे आजी का म्हणते, तेही यावरून शोधून काढा.

अंगाखालच्या बाजूला मात्र सगळ्याच गोधड्यांची पंचाईत होते. आपल्या वजनाने तेथील हवा दबून जाते आणि थंड जमीन उष्णता ओढून घेते. दिवाळीनंतर बीड आणि आसपासच्या भागांतून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे सगळा हिवाळा कोपीत, जमिनीवर निजून काढतात. तेथे अंगावर आणखी एक पांघरूण घेण्यापेक्षा खाली पाचटाचा जाड थर असणे अधिक उपयोगी पडते. वाळलेले पाचट कडक असते, वजनाखाली सहज चपटे होत नाही, म्हणून हवा धरून ठेवते. कोपीत लहान मूल असेल तर या थराची किंमत फार मोठी.

राहिली फुले. ती ऊब वाढवितात का? मोजून पाहू. २ मीटर लांब आणि दीड मीटर रुंद गोधडीचे क्षेत्रफळ ३ चौरस मीटर. १२ सेंटिमीटर व्यासाची वीस फुले लावली तर ती सव्वादोन हजार चौरस सेंटिमीटर जागा व्यापतात, म्हणजे आठ टक्केही नाही. उबेच्या दृष्टीने हा हिशेब नगण्य. फूल दुसऱ्याच कामाला येते. ते बहुतेक वेळा विरलेल्या किंवा फाटलेल्या जागेवर बसते. चौकोनी ठिगळाच्या टोकदार कोपऱ्याशी सगळा ताण एकवटतो आणि शेजारचे जुने कापड तेथूनच फाटू लागते. गोल पाकळीच्या कडेवर तो ताण पसरतो. विमानाच्या खिडक्यांचे कोपरे गोलसर ठेवतात ते याच तत्त्वावर. १९५४ साली कॉमेट जातीच्या विमानांना अपघात झाले, त्यांच्या चौकशीनंतर या गोष्टीचे महत्त्व फार कठोरपणे कळून आले.

पण गोल ठिगळ लावणे चौकोनी लावण्यापेक्षा अवघड असते. ज्यांनी लावून पाहिले आहे त्यांना चुण्यांचा त्रास ठाऊक असेल. कड ६ मिलिमीटर आत दुमडायची म्हणजे बाहेरच्या मोठ्या वर्तुळाचा परीघ आतल्या लहान वर्तुळात बसवायचा. दोन त्रिज्यांत फरक १२ मिलिमीटरचा, म्हणून परिघांत फरक २π × १२, सुमारे ७५ मिलिमीटर. येथे एक मौज पाहा, या ७५ मध्ये फुलाच्या आकाराचा संबंधच नाही! फूल बशीएवढे असो की रुपयाएवढे, तेवढेच जास्तीचे कापड जिरवायचे असते. बशीत ते लपून जाते, रुपयात मात्र त्याच्या चुण्याच चुण्या होतात. म्हणून जाणत्या बाया कडेने आधी बारीक धावदोरा घालून तो हळूहळू ओढतात. शिवाय पाकळी शक्यतो उरेब कापतात. उभ्या-आडव्या धाग्यांची जाळी कोपऱ्यांतून खिळखिळ्या झालेल्या खाटेसारखी असते. बाजूने ओढली तर हलत नाही, कर्णाच्या दिशेने ओढली तर तिरपी होते. उरेब कड अशी तिरपी होऊन वळणावर गुमान बसते.

चिंध्या निवडतानाही एक पथ्य आहे. जुन्या, शंभरदा धुतलेल्या लुगड्यावर कोऱ्या सुती कापडाचे फूल तसेच लावू नये. पाण्यात सुताचे धागे फुगतात, एकमेकांना वळसा घालायला त्यांना जास्त लांबी लागते, आणि मागावर ताणून विणलेले कापड आखडते. जुने कापड आपले आखडणे केव्हाच आटोपून बसलेले असते. कोरे फूल आखडले की शेजारचे कापड गोळा होते, आणि ते विरलेले असेल तर टाक्यांच्या भोकांशी फाटते. नवे कापड आधी रात्रभर भिजवून वाळवून घेतले की प्रश्न मिटतो.

कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात, हल्याळ-यल्लापूरच्या बाजूला, सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. त्यांच्या बोलीत कोकणी-मराठीची मिसळ आहे. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. तीही काठापासून मध्याकडे शिवत जातात आणि चारही कोपऱ्यांवर चिंध्यांच्या घड्यांची त्रिकोणी फुले लावतात. त्यांना शब्दही ‘फुला’ असाच आहे. ही फुले लागल्याखेरीज कवंदी पुरी झाली असे ते मानीत नाहीत. कोपऱ्यावरच्या त्या त्रिकोणांत उबेचा हिशेब मला तरी दिसत नाही, आणि दिसायला हवा असेही नाही.

शेवटी एक प्रयोग. शिक्षकांच्या देखत करा, कारण पाणी कढत असते. एकसारखे तीन स्टीलचे पेले घ्या. जुन्या सुती कापडाचे सारख्या मापाचे तीन तुकडे करा. पहिल्या पेल्याभोवती एक तुकडा सैलसर गुंडाळा आणि वरखाली फक्त एकेक धागा बांधा. दुसऱ्याभोवती तितकेच कापड घट्ट ओढून गुंडाळा आणि सुतळीचे जवळजवळ वेढे देऊन आवळा. तिसऱ्याभोवती पहिल्यासारखेच सैल, पण कापड पाण्यात बुडवून पिळलेले. तिन्हींत ७० अंशांचे पाणी सारख्या उंचीपर्यंत भरा, पुठ्ठ्याने झाका, पुठ्ठ्याला भोक पाडून तापमापक सोडा. खाली लाकडी पाट ठेवायला विसरू नका. दर पाच मिनिटांनी तापमान लिहा आणि तिन्ही आलेख एकाच कागदावर काढा. तिसऱ्या पेल्याचा आलेख पाहिल्यावर घरात गोधडी दर आठवड्याला उन्हात का घालतात, हे विचारायची गरज पडणार नाही. मात्र ओल्या कापडात दोन कारणे एकाच वेळी काम करीत असतात, एक पाण्याची वाहकता आणि दुसरे बाष्पीभवन. त्यांपैकी कोणते किती, हे वेगळे काढायचे असेल तर ओल्या कापडावरून प्लॅस्टिकची पिशवी चढवून चौथा पेला ठेवा. प्रयोगाच्या वहीत कापडाची जाडी आणि सुतळीच्या दोन वेढ्यांतील अंतर जरूर लिहा. आणि त्या रात्री घरच्या गोधडीच्या दोन ओळींतील अंतर पट्टीने मोजून तेही शेजारी टिपून ठेवा.