वर्णपट आणि विद्यार्थी

प्रत्येक मूलद्रव्याचे वायुरूप अणू उद्दीपित झाले म्हणजे ठराविक तरंगलांबीचाच प्रकाश बाहेर टाकतात. या प्रकाशाचे पृथक्करण केले असता तेजस्वी रेषांचा जो पट दिसतो, त्यावरून मूलद्रव्य ओळखता येते. हे विधान पाठ करणे सोपे आहे. त्याची प्रचीती मात्र प्रयोगशाळेतच येते. म्हणूनच दिल्ली विद्यापीठाच्या बी.एस्सी. पदार्थविज्ञानाच्या अभ्यासक्रमात सोडियमच्या प्रकाशाची किंवा हायड्रोजनच्या तांबड्या रेषेची तरंगलांबी मोजणे, यांसारख्या प्रयोगांना स्थान मिळाले आहे. या विद्यापीठात १९३४ साली अध्यापनास आलेले डॉ. दौलतसिंह कोठारी हे मेघनाद साहा यांचे शिष्य होते, आणि ताऱ्यांच्या वर्णपटांचा उलगडा हे तर साहांचे मोठेच कार्य होय.

प्रयोगाची सामग्री साधी असते. सोडियमचा दिवा लावल्यावर तो प्रथम तांबूस दिसतो व काही मिनिटांनी पिवळाधमक होतो. त्याचा प्रकाश एका बारीक फटीतून व भिंगातून समांतर होऊन विवर्तन जालकावर पडतो. या काचेवर एका इंचात सुमारे १५,००० समांतर रेषा असतात. म्हणजे दोन रेषांमधील अंतर सुमारे १६,९३३ अँगस्ट्रॉम भरते. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) जालकातून बाहेर पडणारा प्रकाश तरंगलांबीनुसार वेगवेगळ्या कोनांत वळतो. तो कोन दुर्बिणीने मोजावयाचा आणि त्यावरून तरंगलांबी काढावयाची.

या मोजणीतच खरे शिक्षण आहे. फट रुंद राहिली तर रेषा जाड होते आणि तिचा मध्य नेमका सापडत नाही. जालक प्रकाशाला काटकोनात नसेल तर डावीकडचा व उजवीकडचा कोन समान येत नाही. म्हणून दोन्ही बाजूंची वाचने घेऊन त्यांतील अंतराचे निम्मे करावयाचे असते. सर्व काही ठीक जुळले तर पहिल्या श्रेणीत सोडियमचा प्रकाश २० अंश २२ मिनिटांवर सापडतो. (येथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग.) दुसऱ्या श्रेणीत तर ५८९० व ५८९६ अँगस्ट्रॉमच्या दोन रेषा सुमारे तीन मिनिटांच्या अंतराने अलग दिसू लागतात. एकच वाटणारा पिवळा रंग वस्तुतः दोन रंगांचा आहे, हे विद्यार्थी स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो.

परंतु येथेच एक मोह आडवा येतो. अपेक्षित उत्तर पुस्तकात छापलेले असते. वाचन दोन-तीन मिनिटांनी चुकले, तर वहीत ते उत्तराकडे ओढून घेण्याची इच्छा होते. एवढ्याशा फरकाने काय बिघडणार, असे वाटते. विज्ञानाच्या इतिहासाने या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. गुंटूर येथून फ्रेंच शास्त्रज्ञ झांसेन याने सूर्याच्या कडेवरील ज्वाळांच्या वर्णपटात तेजस्वी रेषा पाहिल्या. त्याच वर्षीच्या ऑक्टोबर महिन्यात इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर याने ग्रहण नसतानाही त्या रेषा न्याहाळल्या. त्यांतील पिवळी रेषा सोडियमच्या जागी नव्हती, तिच्या किंचित बाजूला होती. ती सोडियमचीच समजून पुढे जाणे सहज शक्य होते. लॉकियरने तसे केले नाही. ती रेषा हेलियमची ठरली. आणि हा वायू पृथ्वीवर रॅम्झे याला सापडला तो १८९५ मध्ये. तिची तरंगलांबी ५८७६ अँगस्ट्रॉम आहे. वर वर्णिलेल्या जालकातून ती २० अंश १८ मिनिटांवर दिसते, म्हणजे सोडियमपासून अवघ्या चार मिनिटांवर!

जे वाचन विद्यार्थी सहज 'सुधारून' टाकतो, त्याच एवढ्या फरकात एक नवे मूलद्रव्य दडलेले होते. म्हणून शिक्षकाने कधी कधी नाव झाकलेली हेलियमची नळी विद्यार्थ्यापुढे ठेवावी. उत्तर आधी ठाऊक नसले म्हणजे त्याला आपल्या डोळ्यांवर आणि आपल्या नोंदीवरच विसंबावे लागते. जे दिसले तेच लिहिण्याची ही सवय अंगी बाणली, तर त्या अंधाऱ्या खोलीतील तास सार्थकी लागले असे म्हणता येईल.